रंगाखालचा पत्रा

मिस्त्रींनी हात पुसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि मला लॅपटॉपवरचा फोटो मोठा करायला सांगितला. 1966 सालची फियाट अकराशे डिलाइट. लालभडक रंग, आणि क्रोम इतकं लखलखीत की बंपरमध्ये फोटो काढणाऱ्याचे गुडघे दिसत होते. ‘फुल्ली रिस्टोअर्ड, शोरूम कंडिशन.’ किंमत सव्वापाच लाख. तीन रात्री मी त्याच बारा फोटोंमध्ये अडकलो होतो. मिस्त्री मात्र गाडीकडे बघतच नव्हते. दारांवर छतातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यावर त्यांची नजर होती.

“साहेब, ही रेघ बघा. पुढच्या दारावर सरळ आलीय. मागच्या दारावर आली की पाण्यात पडल्यासारखी हलतेय. पत्रा असा हलत नाही. खाली पुट्टी आहे, बोटभर.”

पुण्यात नाना पेठेजवळच्या एका बोळात त्यांचं गॅरेज आहे. चाळीस वर्षं त्यांनी फियाटच उघडल्या आणि फियाटच मिटल्या. आमच्या घरची पद्मिनी शेवटची त्यांच्याकडेच होती. ती विकली तेव्हा मी कॉलेजात होतो. स्टिअरिंगला जोडलेला तो हातगिअर, पहिला टाकताना होणारी कुरकुर आणि उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास अजून माझ्या अंगात आहे. म्हणून गाडी घ्यायची तर फियाटच, हे ठरलेलं होतं. ऑनलाइन जाहिरातीतली गाडी हात न लावता कशी जोखायची, ते शिकायला मी मिस्त्रींच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. पुढचे दोन महिने दर शनिवारी बसलो.

फियाट ही कुर्ल्याची गाडी. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनत असे. 1950 च्या दशकातली अकराशे, जिची पुढची दारं उलटी उघडायची, तिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणत. 1964 मध्ये डिलाइट आली. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. नावं बदलली, पण 1089 सीसीचं इंजिन आणि गाडीचा सांगाडा जवळजवळ तोच राहिला. म्हणून तर पद्मिनीचे भाग डिलाइटला बसतात. आणि म्हणूनच ऐंशी सालच्या पद्मिनीला जुनी जाळी आणि जुने बिल्ले लावून ती डिलाइट म्हणून विकताही येते. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ती बातमी वाचून हळहळलेल्या माझ्यासारख्या माणसांसाठीच या जाहिराती असतात, असं मला वाटतं. हळहळलेला माणूस फोटो मोठा करून बघत नाही.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनावर ठसवली. ॲम्बॅसडर असो की फियाट, या गाड्यांना जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. खालचा तळ, दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पट्ट्या, मधला बोगदा आणि खांब हे सगळं एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच गाडीचं हाड. दाराखालची पट्टी सडली तर नुसतं रूप जात नाही, गाडी मधून वाकायला लागते. आणि सडते ती नेमकी तिथेच. दाराच्या काचेच्या रबरातून पाणी आत झिरपतं, खालची भोकं चिखलाने बुजलेली असतात, पाणी पट्टीत साचतं. बाहेरून रंग शाबूत आणि आतून पत्रा पापडासारखा. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. सोलापूर-लातूरकडच्या गाडीचा रंग उन्हाने विटलेला असतो, पण पत्रा जास्त टिकलेला असतो. फोटोत मात्र विटलेली गाडी मागे पडते आणि खाऱ्या हवेतली, नव्याने रंगवलेली पुढे येते.

म्हणून आम्ही लाल गाडीच्या मालकाकडे पहिला व्हिडिओ मागितला तो जॅकचा. गाडी एका बाजूने, दाराखालच्या ठिकाणाहून उचलायची आणि उचललेली असतानाच दार उघडून लावून दाखवायचं. सांगाडा मजबूत असेल तर दार पूर्वीसारखंच लागतं. पट्टी कुजलेली असेल तर दाराची फट वर-खाली सारखी राहत नाही आणि दार खांबाला घासतं. या एका व्हिडिओला एक मिनिट लागतं आणि तो रंगवता येत नाही. मालकाने चार दिवसांनी गाडी समुद्रकिनाऱ्यावर फिरतानाचा, मागे जुनं हिंदी गाणं लावलेला व्हिडिओ पाठवला. जॅकचा पाठवलाच नाही.

तरीही मिस्त्रींनी ती गाडी लगेच सोडली नाही. मला शिकवायला ती चांगली होती. त्यांनी फोटो एकेक करून पुन्हा बघायला लावले. दाराच्या आतल्या कडा, डिकीच्या रबराखालची खाच, डॅशबोर्डच्या मागचा कोपरा. रंगारी बाहेरून सगळं करतो, या जागा त्याच्याकडून राहतात. डिकीच्या बिजागरीशेजारी एका फोटोत नखाएवढा काळा तुकडा दिसला. आतल्या छताच्या कडेला पिवळा. पुढच्या डाव्या बाजूला, पूर्वी टॅक्सीचा मीटर बाहेर जिथे बसवलेला असायचा, तिथे रंगाखाली दोन गोल खड्डे होते. टॅक्सी असणं हा गुन्हा नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी गाड्या निगुतीने सांभाळल्या, हे मिस्त्री आदराने सांगतात. पण जाहिरातीत ‘एकाच डॉक्टर कुटुंबाची’ असं लिहिलं होतं. दिसलेल्या रंगापेक्षा लिहिलेलं वाक्य खोटं ठरलं, ते मला जास्त लागलं.

टायरचीही एक खूण असते. बाजूच्या भिंतीवर बारीक अक्षरांच्या शेवटी चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘2214’ म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. मालक म्हणत होता गेल्या वर्षी सगळं नवं केलं. टायर दहा वर्षांचे होते. नंबर प्लेटही बघायची. ‘एमएच’ आणि दोन आकडे ही पद्धत 1989 च्या सुमाराची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. 1966 च्या गाडीवर एमएच दिसलं तर ती परराज्यातून आलेली असू शकते, किंवा तिची कागदपत्रं मध्ये कधीतरी नव्याने झालेली असू शकतात. त्यात वाईट काही नाही, पण मधली गोष्ट मालकाला सांगता आली पाहिजे. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अंक न् अंक जुळला पाहिजे, आणि त्यांचा फोटो घेण्यापूर्वी त्यांच्यावर नवा रंग चोपडलेला नसावा.

कागदांच्या बाबतीत लोक आळस करतात आणि नंतर रडतात. जुन्या गाड्या कित्येकदा आजोबांच्या नावावरच राहिलेल्या असतात. आजोबा गेलेले, वारस चौघे. तेव्हा नुसते फॉर्म 29 आणि 30 पुरत नाहीत, आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म 28 ची एनओसी. जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नसेल तर ती आधी चढवून घेणं मालकाचं काम, खरेदीदाराचं नव्हे, आणि ते पैसे देण्याआधी.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण ती गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. शिवाय गाडीचा सांगाडा आणि इंजिन मूळचं असायला हवं. सोय म्हणून डिझेल इंजिन बसवलेली फियाट कितीही सुंदर दिसली तरी त्या दारातून आत जात नाही. विक्रेत्याचा ‘व्हिंटेज’ आणि कायद्याचा ‘व्हिंटेज’ यांच्यात हा एवढा फरक आहे, आणि किमतीत तो धरला पाहिजे.

इंजिनाचा व्हिडिओ मागायचा तो रात्रभर थांबलेल्या गाडीचा. आधी बॉनेटवर हात ठेवून, मग चोक ओढून, मध्ये कॅमेरा न थांबवता. पहिल्यांदा पांढरी वाफ आली तर ते पाणी, ती विरते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे गाइड गेलेत. काळा असेल तर कार्बोरेटर, तो स्वस्तात सुटतो. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढायला सांगायचं. तिथून फकाफका धूर आला की आतलं काम निघणार. मिस्त्री व्हिडिओ बघतच नाहीत, फोन कानाला लावून ऐकतात.

मग किंमत. मला वाटायचं की मालकाने किती खर्च केला ते विचारावं आणि त्याच्या आसपास बोलावं. मिस्त्री उलटं मोजतात. जे आज पैसे टाकून मिळतं ते त्यांच्या लेखी स्वस्त : रंग, सीट कव्हर, टायर, बॅटरी. जे मिळत नाही ते महाग : मूळची जाळी, न तडकलेलं स्टिअरिंग, चालू मीटर, कंपनीच्या शिक्क्याच्या काचा, न कापलेला पत्रा. सर्वांत वर ते एक वेगळीच वस्तू ठेवतात. काम चालू असतानाचे फोटो. रंग खरवडून उघडा केलेला पत्रा, कापून काढलेला गंजका तुकडा, त्याजागी वेल्ड केलेला नवा, तारखांसकट. “ज्यानं नीट काम केलंय तो फोटो काढतोच, साहेब. त्याला दाखवायचं असतं.”

जगभरही वारं याच दिशेने वाहतंय. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या स्पर्धेत 2024 मध्ये पहिल्यांदाच नव्याने न केलेल्या, जपून ठेवलेल्या गाडीला सर्वोच्च मान मिळाला. 1934 ची बुगाटी टाइप 59, जुन्या रंगासकट. ही बातमी मी मिस्त्रींना वाचून दाखवली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

लाल गाडी आम्ही सोडली. सातव्या शनिवारी सोलापूरची एक जाहिरात मिळाली. राखाडी, विटलेली, 1968 ची, तीन लाख चाळीस हजार. फोटो वाईट, अंधारे. पण मालकाने न मागता एक फाइल पाठवली. अठ्ठेचाळीस फोटो, पावत्या, वडिलांच्या नावावरून स्वतःच्या नावावर गाडी केल्याचे कागद. शेवटी एक ओळ : डाव्या मागच्या मडगार्डला 2019 मध्ये ट्रॅक्टर लागला होता, तिथे पुट्टी भरली आहे, साधारण वीतभर जागा. जॅकचा व्हिडिओ मागितला, संध्याकाळी आला. दार लोण्यासारखं लागलं.

आम्ही पहाटेच्या गाडीने गेलो. मालकाच्या अंगणात चिंचेखाली ती उभी होती. चहा आला, मिस्त्रींनी नको म्हटलं, आधी बॉनेटवर तळहात टेकवला. थंड. मग ते वाकले आणि वळवलेल्या बोटाने पुढच्या डाव्या मडगार्डपासून गाडीवर टिचक्या मारत निघाले. टण. टण. दार, टण. दाराखालची पट्टी, तिथे तीन वेळा, टण, टण, टण. मागचं दार. मी आणि मालक दोघंही श्वास धरून उभे होतो. मागच्या मडगार्डवर, चाकाच्या वर, आवाज बदलला. ठप. त्यांनी बोट थोडं पुढे सरकवलं, ठप. अजून पुढे, टण. त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून त्या जागेवर ठेवली.

“वीतभरच आहे,” ते म्हणाले, आणि चहा मागितला.