तीन पेडांचा मफलर

उर्दूत 'ऊन' म्हणजे मेंढीचे केस. मराठीत मात्र 'ऊन' म्हणजे धूप. मेंढीच्या केसांना मराठीत 'लोकर' म्हणतात. तेव्हा हातखंब्याच्या बसथांब्यावर कोणी म्हणाले, "आज फार ऊन आहे हो," तर लोकर शोधू नका, छत्री उघडा!

हातखंबा हे रत्नागिरीजवळचे गाव. मुंबई-गोवा महामार्गाला येथे रत्नागिरीचा रस्ता येऊन मिळतो. तीन वाटा जेथे मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात. हातखंब्याचा तिठा प्रवाशांच्या चांगला ओळखीचा आहे. येथून समुद्र फार दूर नाही. हवा दमट असते. जानेवारीतही रात्री एक चादर पुरते. मग अशा गावात लोकरीचा जाडजूड मफलर कोण विणत बसेल? माझी आत्या बसते.

आत्याचा मुलगा ट्रक चालवतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फात ठेवलेली मासळी घेऊन तो रात्री कोल्हापूरला निघतो. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा ही गावे मागे पडली की आंबा घाट लागतो. हिवाळ्यात घाटमाथ्यावर पहाटे चांगलीच थंडी असते. एका हिवाळ्यात त्याचा घसा असा धरला की आठ दिवस गाडी दारात उभी राहिली. गाडी उभी म्हणजे कमाई बंद. औषध डॉक्टरांनी दिले. गळा झाकण्याचे काम आत्याने आपल्याकडे घेतले.

लोकर स्वतः गरम नसते, बरे का! तिचे केस कुरळे असतात. त्या कुरळ्या केसांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेल्या हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही. म्हणून आपल्या अंगाची ऊब अंगापाशीच राहते. विणलेल्या कापडात टाक्यांच्या मध्येही हवा राहते. कापड जितके जाड आणि मऊ, तितकी त्यात हवा जास्त. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा हल्ली अॅक्रिलिकचा असतो. तो मेंढीपासून नव्हे, कारखान्यात तयार होतो. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो आणि त्याला कसर लागत नाही. आत्याने तोच घेतला. कोकणच्या पावसाळ्यात खरी लोकर सांभाळणे म्हणजे मोठीच कटकट!

सुयांचे गणित मजेदार आहे. आपल्याकडे सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. दहा नंबरची सुई बारीक, तर चार नंबरची सुई 6 मिलिमीटर जाड. जाड धाग्याला जाड सुई हवी. जाड धागा मिळाला नाही तर दोन धागे एकत्र धरून विणावे.

आता विणणे म्हणजे काय? मागावर कापड विणताना उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवर विणताना एकच धागा पुरतो. त्या धाग्याचा एक फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढायचा, दुसऱ्यातून तिसरा. या फासालाच टाका म्हणतात. फास ओढला की लांबतो आणि सोडला की परत येतो. म्हणून विणलेले कापड ताणले जाते. टाका दोन तऱ्हेचा असतो, सुलट आणि उलट. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणत गेले, तर कापडाच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला वळतात. एरवी विणणाऱ्या बायका या वळण्याला कंटाळतात. आत्याने मात्र त्याचाच उपयोग केला. तिने सुईवर बारा टाके घातले आणि चार बोटे रुंदीची लांब पट्टी विणली. पट्टी आपोआप वळून गोल दोरासारखी झाली. अशा तीन पट्ट्या तिने केल्या : एक निळी, एक आंब्यासारखी पिवळी आणि एक आमसुली.

एकाच कापडात अनेक रंग आणायचे तर नको असलेला धागा मागून न्यावा लागतो. तो फार ओढला तर कापड आकसते, सैल सोडला तर बोटे अडकतात. इजिप्तमध्ये सुती मोज्यांचे काही जुने तुकडे सापडले आहेत. ते कित्येक शतकांपूर्वीचे आहेत. पांढऱ्यावर निळी नक्षी, आणि काहींवर अरबी अक्षरांसारखी वळणे! ते करणारे हात किती तयार असतील, याची कल्पना करा. आत्याची युक्ती त्यापुढे अगदी साधी. प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा आणि गुंडाही वेगळा. सारे रंग एकत्र येतात ते वेणी घालताना.

वेणी तुम्हांला माहीत आहेच. वेणीच्या एकेका भागाला पेड म्हणतात. उजवीकडचा पेड मधल्या पेडावरून न्यायचा, मग डावीकडचा मधल्यावरून न्यायचा, आणि हे असेच करत जायचे. कोकणात नारळाच्या काथ्याचे सुंभ वळतात. ते पिळावर टिकते. पीळ उलगडला की सुंभ सुटते. वेणीत मात्र प्रत्येक पेड दुसऱ्याला दाबून धरतो. म्हणून दोन्ही टोके बांधली की वेणी सुटत नाही.

एवढे सगळे नीट झाले, आणि तरीही आत्या फसली. मफलर 150 सेंटिमीटर लांब हवा, म्हणून तिने पट्ट्याही 150 सेंटिमीटरच्याच विणल्या. पण वेणीत पेड सरळ जात नाही. तो दुसऱ्या पेडांना वळसे घालत जातो, आणि त्या वळशांत लांबी खर्च होते. वेणी भरली जेमतेम 115 सेंटिमीटर. मुलाने ती गळ्याभोवती घेतली. टोके छातीपर्यंतही पोचेनात.

"आई, हा मफलर आहे की हार?"

"गप रे! उद्या बघ," आत्या म्हणाली.

त्या रात्री तिने वेणी उलगडली. तिन्ही पट्ट्यांची शेवटची ओळ उसवली आणि सुटे झालेले टाके पुन्हा सुईवर घेतले. एकाच धाग्याचे काम असल्यामुळे हे जमते. याच कारणामुळे एखादा टाका तुटला तर खालपर्यंत घरंगळतो, हेही खरे. प्रत्येक पट्टी 200 सेंटिमीटर होईपर्यंत ती विणत राहिली. त्याला चार दुपारी लागल्या. मग पुन्हा वेणी घातली. टोकांना गोंडे लावले नाहीत. गाडी चालवताना लोंबणारे काही नको, असे तिचे म्हणणे.

आता ट्रकवरच्या क्लीनरलाही तसाच मफलर हवा आहे. आत्याने हिरवा धागा आणला आहे आणि भिंतीवर पेन्सिलीने 200 सेंटिमीटरची खूण करून ठेवली आहे.