कुंडीत सोडलेली दोरी

अकरावीत असताना आमच्या शाळेची सहल बऱ्हाणपूरला गेली होती. शाही किल्ला, जामा मशीद, राजा की छत्री, सगळं एका दिवसात उरकलं. आज त्यातली फक्त मावा जिलेबी आठवते!

म्हणून यंदा जानेवारीत रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो असताना पुतण्याच्या सरांनी अकरावीच्या सहलीला सोबत बोलावलं, तेव्हा मी आधी विचारलं, "सर, किती ठिकाणं?"

"एकच. कुंडी भंडारा."

दोहे लिहिणारे रहीम, म्हणजेच अब्दुर्रहीम खानखानान, यांच्या पुढाकाराने 1615 च्या सुमारास उभी राहिलेली ही पाणीयोजना. सातपुड्यावरचा पाऊस जमिनीत मुरतो आणि तापीच्या दिशेने झिरपतो. ते पाणी जमिनीखालच्या बोगद्यात घ्यायचं आणि उताराने शहराकडे न्यायचं. बोगद्यावर ओळीने विहिरीसारख्या शंभराहून जास्त कुंड्या आहेत, हवा खेळण्यासाठी आणि साफसफाईसाठी. पद्धत मूळची इराणची, तिथे तिला कनात म्हणतात.

सरांनी हे सगळं आधी सांगितलंच नाही. मुलांच्या हातात वजन बांधलेली दोरी दिली आणि म्हणाले, "पंपाशिवाय पाणी पुढे कसं जातं, ते मोजून सांगा."

मुलांनी तीन कुंड्यांत दोरी सोडून पाण्याची खोली मोजली. वरच्या जमिनीचा उतार काढायला मी ऐटीत मोबाइलमधलं ॲप उघडलं. दर वेळी आकडा वेगळा! शेवटी सरांनी पिशवीतून गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी काढली. सॉफ्टवेअर इंजिनिअर गप्प बसला. तासाभराच्या वजाबाक्यांनंतर मुलांनी उत्तर काढलं: पाण्याला अगदी थोडा, पण सलग उतार आहे.

मग आम्ही लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरलो. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, पायाखाली वाहतं पाणी. एरवी कलकलाट करणारी मुलं एकदम शांत झाली.

वर आल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, हे पाणी सातपुड्याचं आणि आमच्या शेतातलंही सातपुड्याचंच. मग आमची बोअर का आटली?"

सर क्षणभर थांबले. म्हणाले, "बोगदा झिरपून येईल तेवढंच घेतो. आपण बोअर आणखी खोल नेतो आणि मुरलेल्यापेक्षा जास्त उपसतो. आता घरी जाऊन विचारा, आजोबांच्या वेळी विहिरीला पाणी किती हातांवर होतं आणि आज किती फुटांवर आहे?"

2024 मध्ये कुंडी भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. अभिमान वाटतोच. पण डोंगरात पाणी मुरणं थांबलं, तर पाटी राहील आणि बोगदा कोरडा पडेल.

त्या रात्री पुतण्या वही घेऊन दादासमोर बसला. केळीच्या बागेतल्या बोअरचा विषय आमच्या घरात नाजूक. दादा आधी टाळत होता. मग एकेक वर्ष आठवून आकडे सांगू लागला. वहीतली रेघ खाली खाली जात राहिली. ती बराच वेळ पाहून दादा म्हणाला, "पावसाळ्याआधी बांधावर चर खणू या. तुझ्या सरांना विचार, कुठे ते."