समीकरणात नसलेले आम्ल

उष्णतेने अभिक्रियेचा वेग का वाढतो, हे या आठवड्यात सांगण्याचा वायदा मी केला होता. परंतु कोल्हापूरकडील एका वाचकाने असा मार्मिक प्रश्न पाठविला आहे की, तो ओलांडून पुढे जाणे अप्रशस्त होईल. ते लिहितात : उसातील साखर, म्हणजे सुक्रोज, फुटताना एक मोल साखर व एक मोल पाणी खर्ची पडून एक मोल ग्लुकोज आणि एक मोल फ्रुक्टोज तयार होते, असे तुम्ही मागच्या खेपेस दाखविलेत; त्या समीकरणात आम्लाचा उल्लेखही नव्हता; मग रसाचा आंबटपणा मारण्यासाठी गुऱ्हाळात चुन्याची निवळी घालण्याचा जो रिवाज आहे, तो निष्कारण समजावा काय?

मुळीच नव्हे. समीकरण हा निव्वळ जमाखर्च आहे : ३४२ ग्रॅम साखर व १८ ग्रॅम पाणी खर्चाच्या बाजूस, १८० ग्रॅम ग्लुकोज व १८० ग्रॅम फ्रुक्टोज जमेच्या बाजूस, दोहोंकडे बेरीज ३६०, आणि तेथेच त्याची हुकमत संपते. हा व्यवहार घटकेत उरकला की त्यास वर्ष लागले, ते प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे लागते.

त्या मोजणीतील अडचण अशी की, चालू अभिक्रियेतून नमुना काढून त्याचे पृथक्करण करीत बसावे, तर तेवढ्या अवधीत नमुन्यातील साखरही फुटतच असते. ही अडचण ज्याने मोठ्या खुबीने टाळली, तो लुडविग विल्हेल्मी, पूर्वाश्रमीचा औषधविक्रेता व पुढे हायडेलबर्ग येथील अध्यापक, माझ्या विशेष लोभातला आहे. सुक्रोजच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला असता त्याचे प्रतल उजवीकडे वळते, हे फ्रान्समध्ये बियो याने पूर्वीच दाखविले होते. ग्लुकोजही ते उजवीकडेच वळविते. परंतु फ्रुक्टोज त्याहून अधिक जोराने डावीकडे वळविते, आणि म्हणून साखर फुटत जाईल तसतसा हा कोन उतरत शून्यावर येतो व अखेर डाव्या बाजूस जातो. विल्हेल्मीने आम्लयुक्त साखरेचे द्रावण ध्रुवणमापकात ठेवले आणि त्याच्या एका थेंबासही न छेडता, केवळ कोन वाचून, किती साखर शिल्लक आहे हे वेळोवेळी टिपले.

१८५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने निष्कर्ष मांडला तो असा : साखर फुटण्याचा वेग त्या त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, अर्थात पहिली निम्मी साखर फुटण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच उरलेल्या साखरेतील निम्मी फुटण्यास लागतो. हा निबंध बहुतेकांच्या नजरेआडच राहिला. १८८४ साली रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने त्याकडे लक्ष वेधले, तेव्हा विल्हेल्मीला निवर्तून वीस वर्षे झाली होती.

आता मूळ प्रश्नाचा निकाल लागतो. पाणी समीकरणात आहे खरे, पण द्रावणात ते इतके विपुल असते की, त्यातील किंचित घट वेगात जाणवतही नाही. उलट आम्ल अभिक्रियेच्या शेवटी होते तेवढेच उरत असल्यामुळे समीकरणात त्यास स्थान नाही, आणि तरीही वेगाचा सारा कारभार त्याच्याच हाती असतो. म्हणून तर त्यास उत्प्रेरक म्हणतात. चुन्याने आम्ल मारले की साखर फुटण्याचा वेग मंदावतो, आणि काहिलीत रस उकळत असतानाही बरीचशी साखर शाबूत राहते. एरवी ग्लुकोज-फ्रुक्टोजचे प्रमाण वाढून गूळ मऊ पडतो, नीट घट्ट होत नाही. मळी वर आणण्यास निवळीचा जो उपयोग होतो, तो निराळाच.

उष्णतेचे प्रकरण पुढील आठवड्यात निश्चित घेऊ. तोवर वाचकांनी एवढे करावे : ३४२ ग्रॅम साखर आम्लयुक्त द्रावणात असून तिच्यातील निम्मी दोन तासांत फुटते असे धरले, तर सहा तासांअखेर किती साखर उरेल, आणि तोपर्यंत पाणी किती ग्रॅम खर्ची पडलेले असेल? पहिल्या अंकास विल्हेल्मीचा नियम लागेल, दुसऱ्यास समीकरण; दोन्हींवाचून हा हिशेब पुरा होणार नाही.