सर्पगंधेच्या राळेत दडलेले औषध

सर्पगंधेचे मूळ निद्रानाश आणि उन्माद यांवर भारतीय वैद्य व हकीम पिढ्यान्‌पिढ्या देत आले. मात्र त्यातील कोणत्या द्रव्यामुळे मन शांत होते, हे कळण्यास विसावे शतक निम्मे उलटावे लागले आणि त्या विलंबाचे कारण बऱ्याच अंशी पृथक्करणाच्या रूढ पद्धतीतच होते.

वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त आणि बहुधा अल्कधर्मी असणाऱ्या द्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. ती मिळवण्यासाठी वाळलेल्या मुळाची पूड मद्यार्कात भिजवतात. मद्यार्क उडवल्यावर उरलेला अर्क सौम्य आम्लात ढवळला, की अल्कलॉइडांचे क्षार बनून पाण्यात उतरतात, राळ मागे राहते आणि मग अमोनिया घालून मोकळी झालेली अल्कलॉइडे क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात घेतात. सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये दिल्लीत सर्पगंधेतून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात मिळवली व त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. परंतु मुळाच्या शामक गुणाचा पुरता उलगडा या स्फटिकांनी झाला नाही.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील या मुळाचा अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले गेले. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये शामक गुण दाखवणाऱ्या राळयुक्त अंशातून रिसरपीन वेगळे केले. हे अल्कलॉइड अत्यंत दुर्बळ अल्कधर्मी असल्यामुळे इतरांप्रमाणे सहज आम्लात न उतरता राळेतच राहिले होते.

द्रव्य शुद्ध झाले तरी त्याची ओळख पटवावी लागते. रिसरपिनाच्या रेणूत कार्बनचे ३३, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ९ अणू असतात. अल्कलीने तो फोडल्यास रिसरपिक आम्ल, ट्रायमेथॉक्सिबेंझॉइक आम्ल व मिथेनॉल मिळते आणि या तुकड्यांवरून मूळ रेणूची जुळणी ताडता येते. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये हा रेणू प्रयोगशाळेत घडवून दाखवला. आज हेच काम अर्कातील घटक वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी, रेणूचे वस्तुमान मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक आणि अणूंची परस्परजोडणी दाखवणारे चुंबकीय अनुस्पंदन यांच्या साहाय्याने काही मिलिग्रॅम द्रव्यावर होते.

मूळ खणले की सर्पगंधेचे झुडूप सहसा मरते. म्हणूनच तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज निर्बंध आहेत.