दादीच्या पेटीतले चमचे

दादीच्या इंतकालानंतर महिन्याभराने घरातली सगळी मोठी माणसं ओटीवर बसली. तर्क्याचा हिशोब करायचा होता. दोन मुलगे, एक मुलगी. म्हणजे दादीच्या नावावरच्या आंब्याच्या वाडीचे पाच भाग आणि त्यातला एक फुफीचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही चाचांनी कपाटावरची सागवानी पेटी खाली काढली आणि म्हणाले, "आपा, ही चांदी तू घे. दीड किलोच्या वर भरेल. वाडी आम्हा दोघांकडे राहू दे."

पेटीत मखमलीच्या खाचांत बारा चमचे, बारा काटे, बारा सुऱ्या आणि वाढायचा एक मोठा डाव. आमचे पणजोबा आगबोटीवर सारंग होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कितीतरी मुसलमान त्या काळी इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर खलाशी होते, तसेच तेही. १९११ च्या डिसेंबरात बादशहा पंचम जॉर्ज मुंबईला उतरले, तेव्हा कप्तानाने ही पेटी बक्षीस दिली, अशी घरातली कहाणी. लहानपणी आम्ही ती इतक्यांदा ऐकली होती की पेटीला हात लावायचीही भीती वाटायची.

फुफी काही बोलली नाही. तिची सही घ्यायचा कागद तयार होता. मी म्हटलं, एक दिवस थांबा. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. चांदी म्हटलं की ती आधी तपासावीशी वाटते, एवढंच.

चाचा म्हणाले, "तपासायचं काय? मागे चार शिक्के आहेत. सराफानेही कसोटीवर घासून सांगितलंय, चांदी आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींनी काहीच सिद्ध होत नव्हतं.

आधी शिक्क्यांचं. चमच्याच्या दांड्यामागे भिंग धरलं तर चार छोट्या ढाली दिसल्या आणि प्रत्येक ढालीत एक वळणदार जुन्या धाटणीचं इंग्रजी अक्षर. नीट लावून वाचली तेव्हा ती निघाली ई, पी, एन, एस. म्हणजे इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर हे नाव फसवं आहे. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी कणभरही नसते. आपल्याकडे त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवलेला. अक्षरं अशी वेगवेगळ्या ढालींत ठोकायची पद्धतच होती. लांबून पाहणाऱ्याला ते खऱ्या चांदीचे शिक्के वाटावेत.

अस्सल इंग्रजी चांदीवर हजारात ९२५ भाग चांदीची खूण म्हणून चालता सिंह असतो. त्याच्या सोबत शहराची खूण असते: लंडनचं बिबट्याचं मुंडकं, बर्मिंगहॅमचा नांगर, आणि १९७५ च्या आधीच्या मालावर शेफील्डचा मुकुट. वर्षाचं एक अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरंही असतात. सिंह नसेल तर इंग्रजी चांदीची आशा सोडावी. मुकुटावर मात्र एकट्यावर विसंबू नये. मुलाम्याचा माल करणारेही तो ठोकायचे आणि १८९६ च्या सुमारास त्यांना त्याची मनाई झाली. तेव्हा ई. पी. एन. एस. सोबत मुकुट दिसला तर वस्तू बहुधा त्याआधीची, पण चांदीची नव्हे.

आता सराफाचं. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. मुलाम्याची चांदी अगदी शुद्ध असते. वरून हलकं घासलं तर कसोटीवर चांदीचीच रेघ उमटणार. हल्ली दुकानात असतं ते क्ष-किरणांचं यंत्रही वरचाच थर वाचतं आणि मुलामा जाड असेल तर तेही फसू शकतं. वजनाचाही भरवसा नाही, कारण निकेल सिल्व्हर चांदीपेक्षा फार हलकं नसतं. म्हणून वस्तू झिजलेली कुठे आहे ते बघावं. चमचा ताटात टेकतो ती पाठ, काट्याची टोकं, दांड्याची कड. दादीच्या चमच्यांच्या पाठीवर बोटभर पिवळट डाग होते. आम्ही त्यांना मळ समजत होतो. तो मळ नव्हता, चांदी जाऊन आतला धातू डोकावत होता. घरात चमचे पितळेच्या भांड्यांबरोबर चिंच नि राखेने घासले जायचे. केसाहून पातळ मुलामा किती वर्षं टिकणार?

हा धंदा सुरू झाला बर्मिंगहॅमला. १८४० साली एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. त्याआधी शेफील्डमध्ये तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून भांडी करायचे. ती पद्धत १७४० च्या दशकात टॉमस बोल्सोव्हरने काढलेली. अशा भांड्याची कड झिजली की तांबूस दिसते. आमची पिवळट, म्हणजे आतला धातू निकेल सिल्व्हर.

वय ठरवायला नावाची खूण उपयोगी पडते. आमच्या चमच्यांवर एक झेंडी होती आणि तिच्यात डब्ल्यू नि एच. ही शेफील्डच्या वॉकर अँड हॉलची खूण. शेजारी 'ए वन', म्हणजे जाड मुलाम्याचा दर्जा. डावाच्या पाठीवर आर-डी अशी अक्षरं आणि पुढे आकडा. हा नमुना नोंदवल्याचा क्रमांक. १८८४ पासून तो एकपासून सुरू झाला आणि १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता. आमचा आकडा पाच लाखांवरचा. तेव्हा डाव विसाव्या शतकातला, त्याआधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो, कारण एकदा नोंदवलेला नमुना वर्षानुवर्षं काढला जायचा.

खरी गंमत सुऱ्यांनी केली. पात्यांवर 'स्टेनलेस' कोरलेलं होतं. स्टेनलेस स्टील शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली केलं आणि तशा सुऱ्या घरोघर पोचल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. पंचम जॉर्ज आले तेव्हा त्या सुऱ्या जगात नव्हत्या. पणजोबांनी पेटी नंतर कुठल्या तरी बंदरात विकत घेतली असेल, किंवा सुऱ्या मागाहून भरल्या असतील. कहाणी निम्मीअर्धी तरी उरली, असं मी अब्बांना म्हटलं तेव्हा ते जरा खट्टू झाले.

तुमच्या घरात असा एखादा चमचा असेल आणि त्यावर जी. आय. पी. रेल्वेची अक्षरं असतील, तर तो १९५१ च्या आधीचा. त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत गेली. मुरादाबादलाही ई. पी. एन. एस. चा माल होतो, त्यामुळे ही अक्षरं दिसली की विलायती असंच समजू नये. घासायला राख, चिंच किंवा खरखरीत काथ्या नको. पुन्हा मुलामा चढवून घेण्याची घाईही करू नये, पुसट शिक्के त्यात आणखी बुजतात.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी ओटीवर मांडलं. चाचा भिंगातून बराच वेळ बघत राहिले. तेव्हा फुफी पहिल्यांदा बोलली. "अम्मी दर रमजानला जकातीचा हिशोब वहीत लिहायची. साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदी झाली की जकात लागते. ही पेटी दीड किलोची. वहीत ती कधीच नव्हती. आणि चांदीच्या भांड्यात खाणंपिणं हदीसमध्ये मना आहे, हे तिला ठाऊक नव्हतं? तिने याच चमच्यांनी पाहुण्यांना बिर्याणी वाढली."

वही अब्बांनी आतून आणली. पेटी तिच्यात नव्हती.

चाचांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. वाडीची मोजणी झाली, पाचवा हिस्सा फुफीचा ठरला. फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे. पेटीतला डाव मात्र ती त्याच संध्याकाळी पिशवीत घालून घेऊन गेली.