मोटारसायकलीचा दूरचा प्रवास आणि सोबती

मोटारसायकलीवर माणूस बसतो एकटा. फार तर मागें आणखी एक. आगगाडींतल्याप्रमाणें शेजाऱ्याशीं गप्पा नाहींत, मोटारींतल्याप्रमाणें आळीपाळीनें डोळा लावण्याची सोय नाहीं. ऊन, वारा, धूळ, खड्डा जें येईल तें ज्याचें त्यानें सोसावयाचें. इतकें एकलकोंडें वाहन दुसरें क्वचितच असेल. आणि तरीहि या वाहनावरून दूरचा प्रवास करणाऱ्या लोकांत जो बंधुभाव आढळतो, तो इतर वाहनांच्या मालकांत सहसा दिसत नाहीं. वाटेंत एखादी मोटारसायकल उभी दिसली कीं मागून येणारा अनोळखी स्वार वेग कमी करतो, अंगठा वर करून ‘ठीक आहे ना?’ असें खुणेनें विचारतो, आणि होकार मिळाल्यावरच पुढें जातो. ही रीत केवळ सौजन्याची नव्हे. तिच्या मुळाशीं अनुभवानें शिकविलेलें व्यवहारज्ञान आहे. तें कोणतें, हें समजून घेण्यास मनालीहून लेहकडे जाणारा हिमालयांतील रस्ता उत्तम उदाहरण आहे.

मुंबई-पुण्याकडील अनेक तरुण, आणि आतां तरुणीहि, या रस्त्याचें स्वप्न वर्षभर उराशीं बाळगतात. कोणी घरापासूनच गाडीवर निघतात. कोणी गाडी रेल्वेच्या पार्सलानें उत्तरेस पाठवून तेथून स्वार होतात. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० मीटर उंचीवर आहे, लेह सुमारें ३,५०० मीटरवर. दोहोंमधील अंतर पूर्वीं सुमारें ४७५ किलोमीटर होतें. रोहतांग खिंडीखालचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाल्यापासून त्यांतील सुमारें ४६ किलोमीटर वाचले. पण पुढें बारालाचा ला, लाचुलुंग ला व टांगलांग ला या खिंडी ओलांडाव्याच लागतात, आणि यांतील शेवटची तर ५,३०० मीटरहून अधिक उंच आहे. बर्फामुळें हा मार्ग वर्षांतून कांहीं महिनेच खुला असतो. तांडी येथील पेट्रोलपंपावर, पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची सूचना देणारा फलक वर्षानुवर्षें प्रवाशांना सावध करीत आला. अशा वाटेवर बिघाड झाला तर दुकान शोधावयास जाणें नाहीं. जें जवळ आहे तें, आणि जो जवळ आहे तो, एवढ्यावरच निभावावें लागतें.

या मार्गावर सर्वांत अधिक दिसणाऱ्या गाड्यांपैकीं बुलेट ही एक. तिचा जन्म इंग्लंडांतील रेडिच गांवचा. १९५५ सालीं मद्रासेस तिच्यासाठीं कंपनी निघाली. पुढें इंग्लंडांतील उत्पादन १९७० च्या सुमारास थांबलें. येथील मात्र चालूंच राहिलें. जुन्या बुलेटचें इंजिन सुरू करणें ही एक विद्याच होती. किक हळूहळू दाबीत आणावी. अॅमीटरचा कांटा मध्यावर आला म्हणजे दट्ट्या वरच्या टोकाजवळ आला असें समजावें. मग डीकंप्रेसरची कळ ओढून दट्ट्या किंचित् पुढें सरकवावा, कळ सोडावी, किक वर येऊं द्यावी, आणि नंतर एकच पूर्ण किक मारावी. घाई केली तर किक उलटून पायावर बसे. ही विद्या लोक पुस्तकांतून थोडी आणि एकमेकांकडून फार शिकले. नव्या गाड्या बटण दाबतांच सुरू होतात. परंतु एकानें दुसऱ्यास शिकवावें ही परंपरा त्या जुन्या किकेबरोबर गेली नाहीं.

उंचीवरील हवेचें उदाहरण घ्यावें. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें निम्म्याहून थोडाच अधिक असतो. कार्ब्युरेटर असलेल्या गाडींत त्यामुळें पेट्रोल प्रमाणाबाहेर जास्त होतें. धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते, चढावर गाडी दमते. उपाय सोपा आहे: हवेची जाळी स्वच्छ करावी, कार्ब्युरेटरची सुई एक खांच खालीं घ्यावी, किंवा लहान छिद्राचा जेट बसवावा. पण खालीं उतरल्यावर हें सर्व पूर्ववत् करण्यास विसरूं नये. नाहींतर मैदानांत पेट्रोल कमी पडून इंजिन अतिशय तापतें. इंजेक्शनच्या नव्या गाड्या हें प्रमाण आपोआप सांभाळतात. मात्र विरळ हवेनें घटणारी शक्ति त्यांनाहि परत मिळवितां येत नाहीं.

जी हवा इंजिनास पुरत नाहीं ती माणसासहि पुरत नाहीं. डोकें दुखणें, मळमळणें, झोप न लागणें ही उंचीच्या आजाराचीं पहिलीं लक्षणें होत. तोल जाऊं लागला, बोलण्यांत विसंगति आली, किंवा बसल्या जागीं धाप लागूं लागली, तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. अशा वेळीं विनाविलंब खालीं उतरविणें हाच मुख्य उपचार, आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टर गांठावा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसांत ५०० मीटरहून अधिक वाढवूं नये, असा सर्वमान्य नियम आहे. मनाली-लेह वाटेवर तो तंतोतंत पाळणें कठीण. परंतु पहिली रात्र ४,२०० मीटरहून उंच असलेल्या सरचू येथें काढण्यापेक्षां सुमारें ३,२०० मीटरवरील जिस्पा येथें काढावी, एवढा विवेक कोणासहि करतां येईल. या आजारांत एक विलक्षण संकट असें कीं, ज्याला तो होतो त्याची विचारशक्तिच मंदावते. त्याला स्वतःचें आजारपण उमगत नाहीं, उमगलें तरी मित्रांपुढें कमीपणा नको म्हणून तो तें लपवितो. म्हणून त्याच्याकडे पाहणारा दुसरा डोळा हवा. येथें सोबत ही औषधाच्या पेटीइतकीच आवश्यक वस्तु ठरते.

सामानाचीहि तीच गोष्ट. जाणते स्वार क्लचची नवी केबल निघण्यापूर्वींच जुन्या केबलीच्या शेजारून ओढून बांधून ठेवतात. जुनी तुटली कीं दोन टोकें जोडलीं आणि काम झालें. प्लग, बल्ब, फ्यूज, साखळीची जोडकडी, ट्यूब, पंक्चरचें साहित्य, हातपंप व इंजिनचें तेल हीं बरोबर असावींच. परंतु प्रत्येकानें सर्वच वाहावें असें नाहीं. एकाच जातीच्या गाड्या असल्या तर एकाचा भाग दुसऱ्यास चालतो, आणि ओझें वांटून घेतां येतें. मात्र वांटणी करतांना एक चूक हटकून होते. पंप व पाने ज्याच्याजवळ तो उत्साहानें सर्वांत पुढें निघून जातो, आणि वीस किलोमीटर मागें दुसऱ्याचें चाक बसलेलें असतें. यास्तव हत्यारें नेहमीं सर्वांत शेवटीं येणाऱ्याजवळ असावींत, आणि शेवटीं येणारा हा टोळींतील सर्वांत कुशल असावा.

स्वारांच्या क्रमाचा नियम याच विचारांतून निघाला आहे. पुढें अनुभवी स्वार, पण वेगवान् नव्हे तर समंजस. त्याच्या लगेच मागें सर्वांत नवखा, म्हणजे त्याच्या शक्तीप्रमाणें सर्वांचा वेग ठरतो. शेवटीं हत्यारें बाळगणारा. सरळ रस्त्यावर एकानें डावीकडून, दुसऱ्यानें किंचित् उजवीकडून, पुरेसें अंतर ठेवून चालावें. वळणांवर एकामागून एक व्हावें. प्रत्येकानें आरशांत आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवावें, आणि फाट्यावर मागचा दिसेपर्यंत सुरक्षित जागीं थांबावें. एवढें पाळलें कीं शेवटचा थांबला तर त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा. आणि हांक न मारतां सारी टोळी थांबते. या वाटेच्या मोठ्या भागांत दूरध्वनि लागत नाहीं. तेथें हीच तारयंत्रणा.

वाटेंतील ओढे ओलांडतांना हें शहाणपण विशेष कामीं येतें. बर्फ दिवसभर वितळत असल्यामुळें सकाळीं घोटाभर असलेलें पाणी दुपारीं गुडघ्यापर्यंत चढतें. म्हणून असे ओढे सकाळींच ओलांडावे. शंका असेल तेथें आधीं कोणी पायीं जाऊन तळ पाहावा. एका वेळीं एकच गाडी, पहिला गिअर, सारखी गति; बाकीच्यांनीं कांठावर तयार उभें राहावें. गाडी पाण्यांत पडलीच तर किक मारण्याची किंवा बटण दाबण्याची घाई करूं नये. इंजिनांत पाणी गेलें असेल तर दट्ट्या त्यावर आपटून मोडतोड होते. आधीं ओढून बाहेर काढावी, प्लग काढून पाणी घालवावें, मगच प्रयत्न करावा.

तथापि सोबतीचा दुसरा पैलूहि सांगितला पाहिजे. ‘चल रे, कांहीं होत नाहीं’ हें वाक्यहि मित्रच बोलतो. दुखत्या डोक्यानें पुढची खिंड चढावयास लावणारी, अंधार पडल्यावर ‘आतां थोडेंच राहिलें’ म्हणून दामटणारी, ती सोबतच असते. ज्या मंडळींत ‘आज मला जमणार नाहीं’ असें म्हणणाऱ्याची थट्टा होते, त्या मंडळींपेक्षां एकटेपणा बरा. ज्या मंडळींत असें म्हणणाऱ्यासाठीं सारे मुक्काम टाकतात, ती मंडळी खरी.

मुलगा अगर मुलगी अशा प्रवासास निघाली म्हणजे घरांतील वडील मंडळी गाडी किती जुनी, रोज किती मैल जाणार, असे प्रश्न विचारतात. ते विचारावेतच. पण त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी: ‘तुमच्यांत सर्वांत शेवटीं कोण राहणार आहे?’ या प्रश्नाला तत्काळ एक नांव मिळालें, तर त्या टोळीनें प्रवासाचा नीट विचार केला आहे असें समजण्यास हरकत नाहीं. उत्तर न देतां मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागली, तर निघण्याचा दिवस थोडा पुढें ढकलण्यास सांगावें.