‘वणवा’ ह्या एका शब्दातील अनेक अग्नी

संस्कृतात ‘दव’ आणि ‘दाव’ ह्या शब्दांचा अर्थ अरण्य असाही होतो आणि अरण्यात पेटलेला अग्नी असाही. अमरकोशाने हे दोन्ही अर्थ नोंदले आहेत. मराठी ‘वणवा’ मात्र अग्नीपुरताच उरला, आणि तोही संकटवाचक होऊन. भाषाभ्यासकाने वनस्पतींच्या प्रांतात का शिरावे, असे वाचक विचारतील. परिस्थितिविज्ञान ज्या अग्नींमध्ये काटेकोर भेद करते त्या सर्वांना आपण एकच नाव देतो, आणि वनव्यवस्थाही दीर्घकाळ त्याच एका नावावर विसंबून राहिली आहे, हे त्याचे कारण होय.

‘रानात आग लागली’ हे विधान शास्त्रदृष्ट्या अपुरे आहे. आग कोणत्या ऋतूत लागली, मागील आगीनंतर किती वर्षांनी लागली, तिची तीव्रता किती, ती जमिनीवरचा पाचोळा जाळीत गेली की वृक्षांचे शेंडे पेटवीत गेली, हे कळल्यावाचून तिच्या परिणामाविषयी काहीच सांगता येत नाही. एखाद्या प्रदेशातील आगींच्या ह्या दीर्घकालीन स्वरूपास आपण ‘अग्निक्रम’ म्हणू. वनस्पतींचे अनुकूलन होते ते अशा विशिष्ट अग्निक्रमाशी.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग १९८८ च्या आगींनी व्यापला. तेथील लॉजपोल पाइन ह्या वृक्षाची साल पातळ; मोठ्या आगीत तो मरतो. परंतु त्याच्या अनेक झाडांवरील शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळते, बिया मोकळ्या होतात आणि राखेवर नवी पिढी उगवते. दीर्घ कालांतराने येणाऱ्या प्रखर आगीशी जुळलेले हे जीवन आहे.

आपल्याकडील पानझडी अरण्यांची रीत निराळी. येथे आग वारंवार येते, पण बहुधा बुटकी असते. तेव्हा मरून बियांतून परतण्यापेक्षा तगून राहणे अधिक उपयोगी. सालीच्या आत असलेला वाढीचा जिवंत थर सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानास मरतो. तेथवर उष्णता पोहोचण्यास लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर संरक्षण साधारण चौपट. ज्या रोपास अद्याप साल धरली नाही त्याने काय करावे? सागाचे रोप ह्याचे उत्तर जमिनीखाली शोधते. त्याचा कोंब वर्षानुवर्षे जळतो, मूळ मात्र जाड होत राहते. आणि एखाद्या वर्षी ह्या साठ्याच्या बळावर कोंब ज्वाळांच्या उंचीपलीकडे निसटतो. पळस आणि टेंभुर्णी मुळांपासून धुमारे फोडतात. गवतांचे वाढबिंदू तर जमिनीलगत किंवा जमिनीखालीच असतात. उन्हाळ्यात जळतो तो बहुतांशी वाळलेला भाग.

ही गोष्ट वनाधिकाऱ्यांच्या ध्यानी यावयास बराच काळ लागला. मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात १८६० नंतरच्या दशकात आगीपासून संरक्षणाचा प्रयोग सुरू झाला, आणि हेच धोरण पुढे सर्वत्र पसरले. परंतु १८९६ साली ब्रह्मदेशातील स्लेड ह्या अधिकाऱ्याने प्रतिपादन केले की, दमट सागवनांत आग सर्वथा रोखल्याने सागाची नवी रोपे उठेनाशी झाली आहेत. शास्त्राच्या इतिहासात ह्या मताची व्हावी तितकी दखल घेतली जात नाही, असे मला वाटते.

कर्नाटकातील बिळिगिरिरंगन टेकड्यांत हाच वाद अलीकडे पुन्हा उभा राहिला. तेथील सोलिग लोक उन्हाळ्याच्या आरंभी पाचोळा जाळणारी हलकी आग लावीत. तिला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे : ‘तरगु बेंकी’, म्हणजे पाचोळ्याची आग. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि पुढे ही प्रथा बंद पडली. त्यानंतर घाणेरी माजली व आवळ्यावर बांडगूळ वाढले, आणि घाणेरीच्या दाट जाळ्यांमुळे आता लागणारी आग पूर्वीसारखी हलकी राहत नाही, असे सोलिगांचे म्हणणे आहे. संशोधकांनी ह्या म्हणण्याची गांभीर्याने नोंद घेतली आहे.

दख्खनच्या माळांचा प्रश्नही ह्याच्याशी निगडित आहे. गवत आणि विरळ काटेरी झाडे दिसली की ते तोडलेल्या अरण्याचे अवशेष समजून तेथे वृक्षारोपण करावयाचे, ही आपली सवय. २०२५ साली आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातील व लोकगीतांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून, पश्चिम महाराष्ट्रातील हे माळ निदान काही शतके असेच गवताळ होते, असे दाखविले. मराठीच्या अभ्यासकांस ह्या पद्धतीत पुष्कळ काम पडले आहे.

मात्र ह्या विवेचनातून आगीची सरसकट तरफदारी निघत नाही. सह्याद्रीतील सदाहरित अरण्यांच्या वृक्षांपाशी जाड सालीचे संरक्षण सामान्यतः नसते. पाचोळ्याची मंद आगही त्यांस मारक ठरते. पानझडी अरण्यातसुद्धा दरवर्षी आग लागू लागली, तर रोपांस ज्वाळांच्या वर निसटण्यास अवसरच मिळत नाही. विदर्भात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूची कोवळी पाने यावीत म्हणूनही आग लावतात. त्यांतील कोणती आग कितपत सोसण्याजोगी, हे त्या त्या ठिकाणच्या अग्निक्रमावरूनच ठरवावे लागेल. उपग्रहाच्या नोंदींत ही आग, माळावरची गवताची आग आणि सदाहरित रानात शिरलेली आग नकाशावर सारख्याच ठिपक्यांनी उमटतात.